कर्ज तिच्या नावावर, म्हैस कुणाच्या?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्या गावात समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून काम करतात. थोडक्यात असा: गावात महिला बचत गट भरपूर, पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब) पाळली जाते, बँकेची परतफेड वेळेवर, बहुतेकींनी म्हशी नाहीतर शिलाई मशीन घेतलेली. तरी अहवालातल्या 'महिला सक्षम झाल्या का' या रकान्यात खरं काय लिहायचं ते कळत नाही, कारण निम्म्या बायका साडीसुद्धा मालकांना विचारून घेतात. मग एवढी वर्षं गट चालवून साधलं काय, आणि आता पहिल्यांदा हात कशाला घालायचा?

ताई, साडीचं आधी बाजूला ठेवू. विचारून साडी घेणं यात काही बिघडत नाही. मालकानंही ट्रॅक्टर घ्यायच्या आधी घरात विचारावं, तो विचारत नाही ही खरी तक्रार. माझी कसोटी वेगळी आहे. घरातली म्हैस, घर, रान विकायची वेळ आली तर बाईच्या सहीवाचून व्यवहार अडतो का? अडत असेल तर ती मालकीण. अडत नसेल तर गट पंधरा वर्षांचा असो नाहीतर पंचवीस, ती त्या घरातली सगळ्यात वक्तशीर कर्जदार आहे, एवढंच म्हणता येईल.

माण-खटावपासून जत-कवठेमहांकाळपर्यंत मी गटांचे हिशेब बघत आले, आधी बँकेच्या बाजूनं आणि नंतर प्रशिक्षणाच्या. या सगळ्या पट्ट्यात एक गोष्ट सारखी दिसते: कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि त्यातून आलेली वस्तू बाप्याच्या नावावर चढते.

तुमच्याच गावातली म्हैस घेऊ. गटातून ६० हजार उचलले, २४ हप्ते, वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला साधारण २,८०० रुपये. म्हैस दोन्ही वेळचं मिळून सात लिटर देते, लिटरला ५० रुपये धरा. महिन्याचं दूध साडेदहा हजारांचं. पेंड, वैरण, डॉक्टर वजा जाता चार-साडेचार हजार उरायला हरकत नाही, म्हणजे हप्ता भागून वर थोडं राहतं. कागदावर धंदा चोख. आता डेअरीत जाऊन कार्ड बघा. सभासद नंबर मालकांचा किंवा मामंजींचा, कारण तो नंबर ही म्हैस यायच्या आधीपासूनचा. दर दहा दिवसांचं बिल त्यांच्या खात्यात जमा. दिवाळीचा दरफरक त्यांच्याच नावावर. हप्ता मात्र बाईच्या खात्यातून जातो. मग ती तो आणते कुठून? दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊन. शेण तिनं काढायचं, धार तिनं काढायची, किटली पोरगं डेअरीत नेणार आणि हप्त्यासाठी रोजगार पुन्हा तिचाच. अहवालात ही बाई 'उद्योजक' म्हणून लागते आणि परतफेड १०० टक्के.

म्हणून परतफेडीचा आकडा बघून मी कधी खूश होत नाही. बाई हप्ता चुकवत नाही कारण गटातल्या चौघींसमोर अब्रू जाते. अब्रूच्या धाकानं पैसे वेळेवर येतात, हे बँकेला सोयीचं आहे. त्यावरून बाईच्या हातात काय आलं ते कळत नाही.

हे फक्त आपल्याकडचंही नाही. बांगलादेशातल्या महिलांच्या सूक्ष्म कर्जाचा जगभर गाजावाजा झाला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या कर्जांचा माग काढला, तर ज्यांचा कर्जावर पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा होता अशा बायका सुमारे ३७ टक्केच निघाल्या. बाकीच्यांच्या कर्जावर कमीअधिक प्रमाणात घरातल्या पुरुषाचा कब्जा. पुढं भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या माहितीवरून आणखी एक गोष्ट पुढं आली: घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईला दिलेलं भांडवल तिकडं वळतं, घरात तिचा एकटीचाच धंदा असेल तर भांडवलावर तिची कमाई पुरुषांच्या तोडीची होते. 'बायकांना धंद्यातलं कळत नाही' असं मेळाव्यात सांगणाऱ्या साहेबांना हे ऐकवायला हवं. धंदा तिला कळतो, भांडवल तिच्याजवळ टिकत नाही.

आता हात कुठं घालायचा ते सांगते. सुरुवात डेअरीपासून करा. जमिनीचा विषय पहिल्याच बैठकीत काढलात तर निम्म्या बायका पुढच्या बैठकीला येणार नाहीत. दुधाच्या कार्डाला ना तलाठी लागतो ना वकील. ज्या म्हशीचं कर्ज गटातून, तिचं दूध बाईच्या नावच्या नंबरावर पडेल आणि बिल तिच्याच खात्यात येईल, असा ठराव ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघात, करून घ्या आणि कर्ज मंजूर करतानाच अट घाला, नंतर नाही. डेअरीच्या सेक्रेटरीला दूध आलं म्हणजे झालं, कार्ड कुणाचं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आडकाठी येते ती घरातून, आणि तीही बहुधा एकाच वाक्याची: 'उचल घ्यायची झाली तर?' उचल बाईच्या नावावरही मिळते, हे सेक्रेटरीच्या तोंडून वदवून घ्या. सहकारी दूध संस्था असेल तर दुसरा फायदा असा, की सभासद झालेल्या बाईला संस्थेच्या निवडणुकीत मत येतं. पॅनेलवाले मग दारात येऊन तिच्याशी बोलतात.

त्याच फेरीत खातं तपासा. पासबुक तिचं असतं, पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर मालकाचा नाहीतर पोराचा. एटीएम कार्ड पोराच्या पाकिटात, ओटीपी त्याच्या फोनवर. कागदोपत्री प्रगती मोठी आहे: स्वतः वापरता येईल असं बँक खातं असलेल्या देशातल्या बायकांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ च्या ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्क्यांवर गेलं. पण नंबर दुसऱ्याचा असेल तर ते खातं तिचं कसं म्हणायचं? नंबर बदलायचा अर्ज एका पानाचा असतो. सगळ्याजणींनी एकाच दिवशी शाखेत जा, म्हणजे एकटीला कुणी टोलवत नाही.

लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार २०२४ पासून येऊ लागले. ते पुरतात का, निवडणुकीसाठी होते का, हा वाद गावातल्या पारावर चालू दे. मला त्यातली एकच गोष्ट कामाची वाटली: आधार जोडायला हजारो बायका स्वतः बँकेत गेल्या आणि पैसे आलेत का ते बघायला परत गेल्या. थेट तिच्या खात्यात पैसा पडला की काय होतं, याचा मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या मजुरीवर नीट प्रयोग झालेला आहे. बायकांना स्वतःचं खातं काढून दिलं, ते वापरायला शिकवलं आणि मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी तिथं जमा केली. त्या बायका कामाला जास्त जाऊ लागल्या, रोजगार हमीवरच नव्हे तर खासगी कामावरही. सर्वात जास्त फरक अशा घरांत पडला, जिथं बायकोनं कामाला जाणं नवऱ्याला रुचत नव्हतं.

आपल्या भागात हे पहिल्यांदा ओळखलं म्हसवडच्या बायकांनी. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, त्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला, मग त्यांनी साक्षरतेचे वर्ग केले आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी आमच्याबरोबर करून दाखवावा, असं सुनावलं. लोक ही गोष्ट सांगताना अक्षर-ओळखीवर थांबतात. तिथं सुरुवात कर्जानं झालेली नव्हती, हे सुटून जातं. रोजच्या कमाईतले चार पैसे सुरक्षित ठेवायला जागा द्या, ही मागणी आधीची होती.

आता जमीन. इथं थोडं थांबून लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातले किती बाप्ये गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी मुलखाबाहेर आहेत ते तुम्हाला माहीत आहे. खटाव-माणचे मुंबईला. मागं रान कोण बघतं? टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आल्यावर तर काम दुप्पट झालं: पाळीनं पाणी धरणं, ऊसतोडीची टोळी आणणं, द्राक्षाला औषध कुठलं ते दुकानात जाऊन विचारणं, सगळं बाई करते. पण सोसायटीचं पीककर्ज काढायचं म्हटलं की मालक कोइमतूरहून नाहीतर कोलकात्याहून सहीला येईपर्यंत थांबा. कारखान्याचा शेअर त्याचा, ऊसबिल त्याच्या खात्यात. सातबाऱ्यावर नाव नाही ती बाई सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. ठिबकचं अनुदान नाही, पीककर्ज नाही, आणि २०१९ च्या महापुरानंतर पलूस-मिरज भागात दिसलं तसं, पंचनामा होतो तेव्हा नुकसानभरपाई सातबारा बघून मिळते, चिखलात कोण उभं आहे ते बघून नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या. रानात किती टक्के बायका असतात ते मोजायला गणना लागत नाही.

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव लावायची वाट आपल्या राज्यात आहे. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चळवळ म्हणून चालवली, पुढं शासनानं त्यासाठी परिपत्रक काढलं: नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अडचण 'स्वखुशीनं' या शब्दापाशी आहे, हे कळतंय मला. 'उद्या सोडून गेली तर?' हा प्रश्न पारावर हमखास येतो. त्यावर वाद घालू नका. ज्याची बायको चार वर्षं एकटी रान सांभाळते आहे अशा एका गलाईवाल्याला गाठा, दिवाळीत तो गावी आला की. त्याला स्वतःलाच हेलपाट्यांचा वैताग आलेला असतो. असा एक अर्ज झाला की पुढचे दोन-तीन आपोआप येतात. बाकीच्यांसाठी घाई नको.

घराचं काम त्याहून सोपं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं अर्ज द्यायचा. घरकुल मंजूर होत असेल तर ते बाईच्या किंवा दोघांच्या नावावर आहे का, हे यादी लागल्यावर लगेच बघा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ना घर ना जमीन अशा बायकांत नवऱ्याचा मार खाल्लेल्यांचं प्रमाण ४९ टक्के होतं. दोन्ही नावावर असलेल्यांत ७ टक्के. नुसतं घर नावावर असलेल्यांत १०. नोकरी किंवा कमाईनं पडला नाही तेवढा फरक या दोन कागदांनी पडला.

शासनानं मनावर घेतलं तर नाव बदलायला वेळ लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या परित्यक्ता बायका स्वतःच्या नावचं रेशनकार्ड मागत मोर्चे काढत होत्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव कार्डावर कुठंच बसत नव्हतं, बापाच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली सर्वात वयानं मोठी, अठरा पूर्ण झालेली बाई हीच कार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरवली. कुणाचा संसार मोडला नाही. इथिओपियात जमिनीच्या दाखल्यांवर नवरा-बायको दोघांची नावं घातली, काही प्रांतांत दोघांचे फोटोही. रवांडानं १९९९ च्या कायद्यानं लेकींना वारसाहक्क दिला आणि नंतर देशभर जमिनीची नोंदणी करताना बायकांची नावं घेतली; ज्यांच्या लग्नाची नोंद नव्हती त्या मात्र मागं राहिल्या. तेव्हा गावातल्या नव्या लग्नांची नोंदणी होते का, तेही बघत चला.

आणि लेकी. महाराष्ट्रानं १९९४ साली, देशानं ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला. वडील त्या तारखेआधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा निकालात स्पष्ट केलं. पण बाप गेला की दहाव्याला जमलेल्या घरात काय चालतं ते तुम्ही मी दोघीही जाणतो. वारसनोंदीचा अर्ज मोठा भाऊ लिहून आणतो. बहिणींची नावं एकतर घातलेलीच नसतात, नाहीतर जुन्या चालीनं सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' ढकललेली. आणि वर्षभरात हक्कसोड, म्हणजे वाटा सोडून दिल्याचा दस्त.

बहिणीला मी 'भांड' असं कधीच सांगत नाही. माहेर हाच तिचा विमा आहे. सासरी बिनसलं, नवरा गेला, पोरीचं लग्न निघालं, तर ती भावाच्याच दारात जाणार. तो विमा मोडून दोन गुंठे घ्यायचे का, हा हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो. माझा सल्ला एवढाच असतो: नाव राहू दे, रान भाऊ कसू दे. सही करू नको आणि वाटपही मागू नको. भावाची खरी अडचण बहुतेक वेळा पीककर्जाची असते, कारण सामाईक सातबारा असला की सोसायटी सगळ्यांची संमती मागते. मग दरसाल संमतीपत्र दे. त्या निमित्तानं वर्षाला एकदा भाऊ सन्मानानं दारात येतो, हे चार बहिणींनी मला हसत हसत सांगितलंय. तलाठ्यासमोर 'मला नको' म्हणून दिलेला जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. त्यामुळं असा जबाब दिलेल्या बायकांचा हक्क संपला असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. (तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही म्हणते.)

तुमचा भाग द्राक्षाचा, म्हणून मजुरीचंही सांगते. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी, बेदाण्याच्या शेडवरची निवड, हे सगळं बायकांचं. छाटणी आणि फवारणी बाप्यांची, आणि तिचा दर वरचा. समान कामाला समान वेतन हे कायद्यात १९७६ पासून आहे, पण त्याला पळवाट हीच: काम समान ठेवायचंच नाही. तेव्हा दरासाठी भांडण्याआधी छाटणी शिका. एप्रिलची खरड छाटणी शिकायला बरी, तिथं चुकलं तरी फळछाटणीइतकं नुकसान होत नाही. दुसरं, रोजावर जाण्यापेक्षा गटानं प्लॉट उक्ता घ्यावा. टोळी सगळी बायकांची आणि मुकादम तेवढा बाप्या, हे चित्र मला कधी कळलेलं नाही. बागायतदाराशी बोलायला गटातल्या दोघीजणी पुरतात.

खासगी फायनान्सवाल्यांबद्दल दोनच गोष्टी. एका बाईच्या नावावर गटाचं कर्ज आणि वर तीन कंपन्यांचं, असं तुमच्या गावातही असणार. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहाच्या नंतर कुणी यायचं नाही. हे ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

राहिला तुमचा रकाना. 'सक्षम झाल्या का' याला हो-नाही लिहून उपयोग नाही. त्याच्या शेजारी वहीत तुमचे स्वतःचे चार रकाने आखा: दुधाचं कार्ड कुणाच्या नावावर, खात्याला मोबाईल कुणाचा, नमुना ८ ला नाव आहे का, सातबाऱ्यावर आहे का. पहिल्या वर्षी शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा दिसेल, दिसू दे. वरच्या साहेबांना ते आवडणार नाही, त्यांना उलाढालीचा आकडा हवा असतो, तोही द्या. सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये पडतात. बैठकीत एकीच्या मोबाईलवर सगळ्यांचे काढून बघा. आपल्या सासऱ्याच्या नावावर किती रान आहे हे पुष्कळ बायकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं, आणि माहेरचा सातबारा काढून बघायला एखादी आपणहून सांगते.

कुणाचं प्रकरण कोर्टापर्यंत जाण्यासारखं निघालं, तर वकिलाच्या फीची काळजी करत बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, अर्ज तिथंच द्यायचा. सोबत सातबारा, जुने फेरफार आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला न्या. फेरफार मात्र आधी काढून ठेवा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.